आधी रस्ता, मग घर: पिरंगुटपलीकडे राहायला येण्याआधी

'पुण्याचा चांदणी चौक पंचवीस मिनिटं' असं घरं दाखवणारा एजंट म्हणाला, ते काही खोटं नव्हतं. पहाटे साडेपाचला, पाऊस नसताना, पुढे ट्रक नसताना आणि त्याचा पुतण्या गाडी चालवत असताना पंचवीस मिनिटंच लागतात. मला आजवरचा सर्वांत जास्त वेळ लागलाय दोन तास दहा मिनिटं. जुलैमधला रविवार होता, संध्याकाळची वेळ, आणि लवासाहून परतणारं अख्खं पुणे माझ्या पुढे होतं.

कोथरूडमध्ये पंचवीस वर्षं मी औषधाचं दुकान चालवलं. आता आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि सासूबाई, पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुक्यात, पिरंगुटहून डावीकडे उरवड्याच्या बाजूला वळणाऱ्या रस्त्यावर आत राहतो. कोथरूड डेपोपासून आमच्या फाटकापर्यंत गाडीचा काटा २४ किलोमीटर दाखवतो. पिरंगुटचा बाजार ९ किलोमीटरवर. चालत जाण्याजोगं म्हणाल तर एक देऊळ, एक चहाची टपरी आणि शेजारच्या अण्णांचा गोठा. ओळखीतली निम्मी मंडळी येऊन ओट्यावर बसतात, डोंगराकडे बघतात आणि विचारतात, 'आम्हालाही असं घ्यायचंय, काय बघायचं?' प्रत्येकाला चहाबरोबर तेच सांगून आता कंटाळले, म्हणून लिहून ठेवते.

पहिली गोष्ट घराबद्दलची नाहीच. घरातल्या किती जणांना गाडी चालवता येते, ते आधी मोजा. पाकिटात लायसन असणं आणि भर पावसात, काळोखात, समोरून डंपर येत असताना गाडी अर्धा फर्लांग मागे घेता येणं, यात फरक आहे. २०२२ च्या पावसाळ्यात आम्ही इथेच जवळ एक घर चार महिने भाड्यानं घेतलं होतं. जुलैमध्ये यांच्या कमरेत उसण भरली. आठ दिवस हे आडवे, गाडी दारात उभी, आणि मला ती सुरू करण्यापलीकडे काही येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दूध संपलं, पाचव्या दिवशी सासूबाईंच्या इन्सुलिनच्या सुया. उभा जन्म औषधाच्या दुकानात काढलेली मी, आणि सुयांसाठी दुसऱ्याची वाट बघत बसले होते. कमर बरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोथरूडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते. चाळिशीनंतर शिकाऊ लायसनसाठी डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि शिकाऊ लायसन मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. म्हणजे घर शोधायला लागल्या दिवशी सुरुवात केलीत, तर खरेदीखताच्या कितीतरी आधी हे काम होतं. पीएमपीच्या बसवर आणि फाट्यावरच्या सहा आसनीवर मनात हिशेब बांधू नका. त्या आहेत, पण तुम्हाला हव्या तेव्हा नसतात, आणि फाट्यापासून पुढचे अडीच किलोमीटर पायीच जावं लागतं.

खेपांची वही

दुसरं काम बसल्या जागी होण्यासारखं आहे. एक वही घ्या आणि महिनाभर घराबाहेर पडाल त्या प्रत्येक वेळी एक ओळ लिहा: दूध, इस्त्री, बँक, दात, लग्न, कोथिंबीर. मी लिहिलं तेव्हा एका महिन्यात ७१ खेपा निघाल्या. त्यातल्या फक्त नऊंना वाहन लागलं होतं, बाकी सगळ्या चपला अडकवून केलेल्या. आता तीच यादी समोर घेऊन बसा आणि प्रत्येक ओळीपुढे नव्या घरापासूनचं अंतर लिहा. कोथिंबिरीपुढे १८ किलोमीटर लिहिताना हात थांबतो. थांबलाच पाहिजे.

मग गाठी मारायच्या. सोमवारी पिरंगुट, त्यात भाजी, गॅस, हार्डवेअर. गुरुवारी पुणे, त्यात बँक, दवाखाना, वाचनालय. अशा गाठी मारून आमच्या खेपा महिन्याला पंचवीस-अठ्ठावीसवर आल्या, त्याखाली काही केल्या जात नाहीत. गाडी महिन्याला नऊशे ते हजार किलोमीटर पळते. लिटरला पंधराच्या सरासरीनं साधारण ६५ लिटर पेट्रोल, लिटरला १०४ रुपये धरले तर पावणेसात हजार. शिवाय टायर, क्लच, आणि खड्ड्यांनी वर्षाला एकदा मागून घेतलेलं सस्पेन्शनचं काम. ही रक्कम घराच्या हप्त्यात मिळवा आणि मग परवडतं का ते बघा. पुण्यातल्या फ्लॅटपेक्षा इथला बंगला स्वस्त पडला म्हणून खूश होणारी माणसं हा आकडा हिशेबात धरत नाहीत.

आणि एकच गाडी असेल तर जोडीला एक स्कूटर हवीच. गाडी गॅरेजला गेली की आपणही गॅरेजलाच गेल्यासारखे अडकून पडतो.

रस्ता चार वेळा बघायचा

घर दाखवायला नेहमी रविवारी सकाळी नेतात. रस्ता मोकळा, ऊन कोवळं, वाटेत कुठेतरी मिसळ. त्या फेरीला काडीची किंमत देऊ नका. तुम्ही स्वतः, एजंटशिवाय, चार वेळा जाऊन या. एकदा कामाच्या दिवशी सकाळी नऊला घराकडून पुण्याकडे. एकदा संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटते तेव्हा पिरंगुटमधून. एकदा पावसाळी रविवारी सहा वाजता. आणि एकदा रात्री दहानंतर, शक्यतो अमावास्येच्या आसपास.

चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा उड्डाणपूल सुरू झाला. तेव्हा आम्हाला वाटलं, आता सुटलो. कोंडी संपली नाही, पुढे भूगावला सरकली, एवढंच. भूगावची लॉन्स आणि मंगल कार्यालयं लग्नसराईत उजळली की पौड रस्ता म्हणजे वरातच. पंचांगातल्या लग्नतिथी मी हल्ली पुण्याची खेप ठरवण्यासाठी बघते.

रात्रीच्या फेरीत मुख्य रस्ता सोडल्यावर पुढचं बघायचं. डांबर कुठे संपतं? त्यापुढचा रस्ता कोणाचा: सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा, ग्रामपंचायतीचा, की प्लॉट पाडणाऱ्यानं टाकलेला खासगी? खासगी असेल तर त्यावरचा मुरूम दर वर्षी तुमच्याच वर्गणीतून पडणार. वाटेत ओढा असेल तर त्यावर पूल आहे की नुसती मोरी? मोरीवरून पाणी वाहायला लागलं की तुम्ही अलीकडे आणि घर पलीकडे. आमच्या वाटेवरच्या मोरीवरून वर्षात दोन-तीनदा पाणी जातं, तास-दीड तासात ओसरतं. हे आम्ही आधी विचारलं होतं, म्हणून चालतं. विचारलं कोणाला? एजंटला नाही, टपरीवाल्याला. त्याला घर विकायचं नसतं.

आणखी एक साधी चाचणी. दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर त्या गल्लीत वळेल का? टँकर वळला तर रुग्णवाहिका वळते आणि सामानाचा टेम्पोही. नाहीतर कपाट डोक्यावरून न्यायची तयारी ठेवा.

आता रस्त्याची कागदातली बाजू. इथे आमचे ५१ हजार रुपये गेलेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

२०२१ च्या मार्चमध्ये मुठा खोऱ्यात आम्ही एक 'फार्महाऊस प्लॉट' पसंत केला होता. तीन गुंठे. एका एकराच्या शेतात चुन्याच्या रेघा मारून तुकडे पाडलेले. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. विसार म्हणून ५१ हजार दिले, विसारपावतीही केली. वकील मात्र नंतर गाठला. इथे चूक सर्वस्वी आमची. वकीलसाहेबांनी सातबारा बघितला आणि पहिलाच प्रश्न टाकला, 'तुम्ही शेतकरी आहात का?' नाही. मग शेतजमीन तुमच्या नावावर होणारच नाही; १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. दुसरं, तीन गुंठ्यांचा तुकडा तुकडेबंदी कायद्यात, म्हणजे शेताचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्यात, बसत नाही. तो कायदा १९४७ चा आहे, पण लोक त्याला विसरून गेले होते. त्याच वर्षी १२ जुलैला नोंदणी विभागाचं परिपत्रक आलं आणि मंजूर रेखांकन (लेआउट) नसलेल्या अशा तुकड्यांची दस्तनोंदणी थांबली. एजंट म्हणाला, 'काळजी नको, दहा-बारा जणांच्या नावावर सामाईक सातबारा करू. शेतकरी दाखल्याचंही बघतो.' हा 'बघतो' ऐकला की उठून निघायचं. सामाईक सातबाऱ्यावर तुमचा तुकडा नेमका कुठला, हे कागद सांगत नाही. उद्या अकरा भागीदारांपैकी एकाची मुलं भांडली तरी तुमचा व्यवहार अडतो.

तिसरं कारण रस्त्याचं होतं. प्लॉटपर्यंतची वाट मधल्या एका शेतकऱ्याच्या बांधावरून जात होती. 'पूर्वापार वहिवाट आहे' एवढंच उत्तर. त्या शेतकऱ्याला आम्ही भेटलो. तो शांतपणे म्हणाला, 'बैलगाडीची वाट आहे. तुमच्या गाड्यांची नाही.' चूक काय बोलला? अडवलेल्या वाटेसाठी तहसीलदारांकडे दाद मागता येते, त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, आणि शेताला बांधावरून रस्ता देण्याची तरतूद महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. पण ज्या गावात राहायला जायचं तिथे पहिलंच पाऊल दाव्यानं टाकायचं का? आम्ही सोडून दिलं. विसार परत आला नाही.

तेव्हा लक्षात ठेवा: खरेदीखतात तुमच्या प्लॉटच्या चतुःसीमा असतातच, पण तिथवर येणाऱ्या रस्त्याचा हक्कही रुंदीसकट, गट नंबरासकट लिहिलेला हवा. मंजूर रेखांकनात तो रस्ता दिसला पाहिजे, किंवा गावनकाशावर तरी. 'सगळे जातातच की' हा काही हक्क नव्हे.

बाकीचे कागद

तुकड्यांचे नियम त्यानंतरही बदलले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे नावावर होऊ शकणारा लहानात लहान तुकडा, ठरलं, त्यानंतर आणखी फेरबदल झाले. म्हणून व्यवहाराच्याच आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन विचारा. पाहुण्यांच्या व्यवहारात चाललं होतं, यावर विसंबू नका.

बिगरशेतकऱ्यानं घ्यायचं ते बिनशेती झालेलं, मंजूर रेखांकनातलं. मुळशीचा बराचसा भाग पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हद्दीत येतो. हे प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झालं, आणि त्यांच्या हद्दीत बांधकाम परवानगी त्यांची लागते. विक्रेता फुशारकीनं ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा पुढे करेल. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. मी दुकानात औषधाची पट्टी उलटी करून आधी तारीख बघायचे. तशीच सवय इथे लावायची. सातबारा उचलला की आधी नाव बघू नका, 'इतर हक्क'चा रकाना बघा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, वनाची नोंद, भूसंपादनाचा शेरा, सगळं तिथे दडलेलं असतं. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं दिसलं तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी हातात पडेपर्यंत एक रुपया देऊ नका. तीस वर्षांचे फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढून वकिलाकडून शोध अहवाल घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. वकील पौडचा बघा. तहसील कचेरी तिथेच आहे आणि तालुक्यातले जुने वाद त्याला तोंडपाठ असतात. कर्जाची गरज नसली तरी एखाद्या बँकेकडे अर्ज टाका. बँकेनं जो कागद नाकारला, तो आपण का स्वीकारायचा?

नव्या प्लॉटिंगच्या योजनेत घेत असाल तर महारेराचा, म्हणजे बांधकाम आणि प्लॉटिंगच्या योजनांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागा. ५०० चौरस मीटरच्या वरच्या योजनेला तो लागतोच.

मोजणी मात्र कितीही कंटाळा आला तरी चुकवू नका. भूमी अभिलेख कार्यालयात ई-मोजणीचा अर्ज विक्रेत्याकडूनच करून घ्या, भूकरमापक येऊन खुणा दाखवतील, मग नकाशाची 'क' प्रत मिळेल. आमचं घर तयार, जुनं, कुंपणभिंतीसकट. मोजणी झाली तेव्हा कळलं की मागची भिंत शेजारच्या गटात चार फूट घुसलीय. शेजारचा गट अण्णांचा. त्यांना ठाऊकच होतं. मी विचारलं, 'अण्णा, इतकी वर्षं बोलला का नाहीत?'

'बोलायला कोण होतं ताई? मालक वर्षातनं दोनदा यायचा, ते पण पार्टीला.'

'मग आता?'

'भिंत पाडा असं म्हणत नाही. पण लिहून द्या, जागा माझी म्हणून.'

आम्ही लिहून दिलं नाही. आधीच्या मालकाला भिंत मागे घ्यायला लावली आणि मगच खरेदीखत केलं. चार फुटांत दोन फणसाची रोपं गेली. त्या बदल्यात शेजार मिळाला. पहिली दोन वर्षं अख्खं गाव मला 'मॅडम' म्हणायचं, अण्णांच्या घरात मात्र मी पहिल्या दिवसापासून ताई.

सरकारी हुद्द्यांबद्दल एक छोटी गोष्ट. तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी. कागदावर नवं नाव लिहा. टपरीवर मात्र विचाराल 'तलाठीभाऊ कधी येतात?' तरच उत्तर मिळेल.

मे महिन्यात एकदा, जुलैत एकदा

घरं विकायला निघतात सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, डोंगर हिरवे आणि विहिरी भरलेल्या असताना. हे घर आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये बघितलं आणि मालकाला सांगितलं, 'मे महिन्यात परत येऊ.' तो वैतागला, पण थांबला. मे मध्ये आम्ही बोअरची मोटर सलग दोन तास चालू ठेवली. पहिला पाऊण तास पाणी भरून आलं, मग धार बारीक झाली, शेवटी गढूळ. म्हणजे पाणी आहे, पण जपून वापरावं लागेल. किंमत त्यावरून बोललो आणि आल्याआल्या दहा हजार लिटरची टाकी जमिनीखाली बांधली. आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाण. पाणी असतं ते खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात. त्यामुळे शेजाऱ्याच्या बोअरला दोनशे फुटांवर लागलं म्हणून आपल्यालाही लागेल असं नाही. नारळ हातावर घेऊन फिरणारा पाणाडीही आम्ही आणला होता, सासूबाईंच्या समाधानासाठी. त्याचा नारळ नेमका गाडी लावायच्या जागेवर उभा राहिला. मैल्याची टाकी आणि शोषखड्डा बोअरपासून निदान पन्नास फूट लांब आहेत ना, हे टेप लावून मोजा. विकणाऱ्याच्या तोंडी 'लांबच आहे' असतं.

जुलैतली फेरी भिंतींसाठी. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला ताम्हिणीकडे सरकाल तसा तो कितीतरी पटींनी वाढतो. दर चार-पाच किलोमीटरला पाऊस वेगळा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, कपाटं उघडून वास घ्या, पावळ्या किती बाहेर आल्यात ते बघा. झड लागली की खिडकीला आडोसा नसलेली खोली चार महिने बंदच ठेवावी लागते.

आणि घरामागे डोंगर असेल तर तो कापून सपाटी केलीय का, ते बघा. 'व्ह्यू'च्या प्लॉटसाठी सर्रास कापतात. १:५ पेक्षा जास्त उतारावर बांधकामाला परवानगी नाही, आणि हा नियम कोणाची मजा मोडायला केलेला नाही. आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं दगावली. असा कापलेला उतार दिसला तर घर कितीही देखणं असो, मी गाडीतून उतरणारसुद्धा नाही. नदी किंवा ओढ्याकाठचं घर असेल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते पाटबंधारे खात्यात विचारा. निळी पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या.

वीज, इन्सुलिन आणि घोणस

वीज आहे का, असं विचारू नका. मीटर आहे म्हणजे वीज आहेच. विचारायचं ते असं: कनेक्शन गावठाणाच्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आहे की शेतीच्या? शेतीच्या फीडरला थ्री फेज दिवसाचे काही तासच मिळते, आणि शेतातल्या कित्येक बंगल्यांची मोटर त्याच वेळापत्रकावर चालते. हे महावितरणच्या लाइनमनला विचारा, आणि त्याचा नंबर घ्या. तुमच्या आयुष्यातला तो अत्यंत महत्त्वाचा नंबर ठरणार आहे. पहिल्या वळवाच्या पावसात झाड पडून आमच्याकडे ४१ तास वीज नव्हती. इन्व्हर्टरनं पंखा आणि दिवे पहिली रात्र ओढले. सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये. माझ्या दुकानात येणारे घाबरून विचारायचे तोच प्रश्न माझ्यापुढे. चालू कुपी साधारण महिनाभर खोलीच्या तापमानाला चालते, पण खोली थंड हवी. न उघडलेल्या कुप्यांना २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं, आणि बर्फाला चिकटवून ठेवल्या तर गोठून वाया जातात. त्या मी थर्मासमध्ये गुंडाळून सकाळीच कोथरूडला बहिणीकडे नेल्या. त्यानंतर छतावर सोलर घेतलं, बॅटरीसकट. घरात रोजचं औषध घेणारं माणूस असेल तर निदान महिनाभराचा साठा ठेवा, आणि तो संपायच्या दहा दिवस आधी खेपेत टाका.

साप दिसणारच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ही चार ओळखायला शिका. सरपणाचा ढीग भिंतीला लावू नका, रात्री बॅटरीशिवाय ओटा उतरू नका. चावलाच तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही न करता, माणसाला चालू न देता, १०८ ला फोन करून थेट दवाखाना. कुठल्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष असतं, हे राहायला येण्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊन विचारून या आणि फ्रिजवर लिहून चिकटवा.

इंटरनेटचं मात्र वेळ न घालवता बघता येतं. घराच्या आत, सगळ्यात मागच्या खोलीत, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं लावून एक व्हिडिओ कॉल करा. बाहेर ओट्यावर रेंज येते, ती सगळीकडेच येते. कुरियर फाट्यावरच्या टपरीत पडतं. घंटागाडी येत नाही. ओला कचरा खड्ड्यात जातो आणि प्लॅस्टिक गुरुवारच्या खेपेत पुण्याला भाचीच्या सोसायटीत. ती अजून काही बोललेली नाही.

शांतता

हिचीही चौकशी करावी लागते. शेजारच्या गटात फार्महाऊस भाड्यानं देतात का? दर शनिवारी कोणाचा तरी वाढदिवस, आणि डीजे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला बंदी आहे, ११२ वर फोन केला की पोलीस येतात, पण दर शनिवारी फोन करणारी बाई म्हणून ओळख व्हावी असं वाटत असेल तरच. आजूबाजूला दगडखाण किंवा क्रशर आहे का, तेही बघा. दुपारच्या सुरुंगानं कपबशा खुळखुळतात, आणि डंपर तुमच्याच रस्त्यानं जातात. रिंगरोडची आखणी किंवा कुठलं भूसंपादन त्या गटातून जातंय का, ते तहसील कचेरीत विचारा. शांत जागेची जाहिरात करणारेच 'भविष्यात रिंगरोड दहा मिनिटांवर' असंही छापतात. दोन्ही एकदम कसं होईल, हे मला त्यांनी अजून समजावलेलं नाही.

जत्रेच्या दोन रात्रींचा ढोल मात्र शांततेच्या हिशेबात धरू नका. त्या दिवशी जेवायला जायचं असतं. वर्गणी न मागता द्या, आणि निघताना पंगतीत वाढायला उभ्या राहा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी ओट्यावर बसलेल्यांना ऐकायला आवडत नाही. कोथरूडचा फ्लॅट आम्ही विकला नाही. विकला असता तर इथलं घर कर्जाशिवाय झालं असतं, सोलर पहिल्याच वर्षी बसलं असतं. पण इथलं सगळं दोन माणसांच्या गाडी चालवण्यावर उभं आहे. यांना आता रात्री समोरच्या दिव्यांचा त्रास होतो, म्हणून सूर्यास्तानंतर स्टिअरिंग माझ्याकडे. पन्नाशीनंतर काढल्यामुळे माझं लायसन साठाव्या वर्षापर्यंतचं आहे, म्हणजे २०२९. पुढे ते पाच-पाच वर्षांचं मिळतं, डोळे तपासून. फ्लॅटचा भाडेकरार आम्ही अकरा महिन्यांचाच करतो, आणि भाडेकरूला दर वेळी आधीच सांगून ठेवतो.